एकाच साडीचे पैसे दोनदा परत गेले, आता काय करावे?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका येवला तालुक्यात राहतात. घरच्या मागावरच्या आणि शेजारच्या विणकरांकडून घेतलेल्या पैठण्या त्या स्वतःच्या छोट्या वेबसाइटवरून विकतात. ठाणे परिसरातील एका ग्राहक बाईंनी सिंगल मुनिया काठाची १२,४०० रुपयांची पैठणी मागवली. फोटोत मोरपंखी वाटलेला रंग प्रत्यक्षात फारच निळा आहे, असे सांगून त्यांनी ती परत पाठवली. साडी सुस्थितीत आल्यावर वेबसाइटचे काम पाहणाऱ्या पुतण्याने पेमेंट गेटवेमधून (वेबसाइटसाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेतून) रिफंड टाकला. दोन दिवसांनी ‘ताई, पैसे अजून आले नाहीत’ असा बाईंचा मेसेज आला. तो यजमानांनी वाचला आणि पुतण्याला न विचारता त्याच संध्याकाळी पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवून दिली. महिनाअखेरीस हिशोब लावताना दोन्ही रकमा गेल्याचे उघड झाले. त्यानंतर केलेल्या फोन-मेसेजना ‘मला एकदाच पैसे मिळाले आहेत’ एवढेच उत्तर आले आणि पुढे नंबर ब्लॉक झाला. भाऊ म्हणतो, तिचे नाव आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाक. यजमान म्हणतात, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करून तिचे खाते गोठवू. सासूबाई म्हणतात, चूक आपली आहे, सोडून द्या. ‘चूक आमचीच असेल तर पैसे मागण्याचा हक्क तरी आहे का, आणि असला तर अशा अप्रामाणिक बाईकडून ते वसूल कसे करायचे?’ असा पत्रलेखिकेचा प्रश्न आहे.

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. त्यांतल्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे असल्याने आधी तेच देते. हक्क आहे. चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने ते परत केले पाहिजेत, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते, आणि त्या कलमाखाली कायद्यानेच दिलेले उदाहरण तुमच्या घरी घडलेल्या प्रकाराशी बरेच जुळते. दोघांनी मिळून एकाचे शंभर रुपये देणे असते. पहिला ते एकटाच फेडून टाकतो, दुसऱ्याला याचा पत्ता नसतो आणि तोही त्याच माणसाला पुन्हा शंभर रुपये देतो. ज्याला दोनदा मिळाले त्याने दुसऱ्याचे शंभर परत करायचे असतात. तुमच्या बाबतीत पहिला म्हणजे पुतण्या आणि दुसरे म्हणजे यजमान, एवढाच काय तो फरक. चूक देणाऱ्याची होती म्हणून घेणाऱ्याचा त्या पैशावर मालकी हक्क तयार होत नाही, कारण हे कलम लिहिलेलेच मुळी देणाऱ्याच्या चुकीसाठी आहे. तेव्हा सासूबाईंचा सल्ला मनाचा मोठेपणा म्हणून स्वीकारायचा असेल तर जरूर स्वीकारा, पण हक्कच नाही अशा समजुतीने नको.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. पत्रात तुम्ही त्या बाईंना पुन्हा पुन्हा अप्रामाणिक म्हटले आहे. तसे असेलही, आणि नंबर ब्लॉक झाल्यावर दुसरे काही सुचणे कठीण आहे, हेही मला समजते. तरीही त्यांचे ते एकमेव उत्तर पुन्हा वाचा. त्यांनी ‘देणार नाही’ असे म्हटलेले नाही. ‘एकदाच मिळाले’ असे म्हटले आहे. हे वाक्य त्यांच्या दृष्टीने अक्षरशः खरे असणे शक्य आहे का, एवढे आपण आधी तपासू या, कारण पुढचा सगळा मार्ग त्याच्या उत्तरावर ठरेल.

गेटवेमधून टाकलेला रिफंड ज्या साधनाने पैसे आले त्याच साधनावर परत जातो. बाईंनी क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील, तर रक्कम त्यांच्या बँक खात्यात येतच नाही. ती कार्डाच्या खात्यात जमा होते आणि पुढच्या बिलातून वजा होते. पासबुक पाहणाऱ्या किंवा बँकेच्या मेसेजची वाट पाहणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. शिवाय कार्डाच्या स्टेटमेंटवर तुमच्या दुकानाचे नाव असेलच असे नाही. ज्या नावाने फर्मची नोंदणी आहे ते नाव, कधी गेटवेचे नाव, कधी दोन्हींचे तुटक मिश्रण तिथे उमटते. सासऱ्यांच्या नावाची फर्म असेल आणि ग्राहकाला वेबसाइटचे नाव ठाऊक असेल, तर ती ओळ त्या बाईंच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना ओळखता येणार नाही. आणखी एक शक्यता आहे, आणि मला ती सर्वांत दाट वाटते. ऑर्डर बाईंच्या नावावर असली तरी कार्ड त्यांचेच होते का? आपल्याकडे आईसाठी मुलगा पैसे भरतो, बहिणीसाठी भाऊ भरतो आणि सासूसाठी सून भरते. तसे असेल तर पहिला रिफंड मुलाच्या कार्डावर गेला, दुसरा आईच्या यूपीआयवर आला, दोघांना एकेकदाच पैसे मिळाले आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत. गेटवेच्या डॅशबोर्डवर त्या व्यवहाराचा तपशील उघडून पैसे कोणत्या साधनाने आले होते ते पाहा. कार्डाचे शेवटचे चार अंक आणि कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव तिथे बहुधा मिळते. यजमानांच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये रक्कम पाठवताना कोणते नाव दिसले होते, तेही पाहून ठेवा.

तुम्ही पैसे मागितले तेव्हा त्या बाईंच्या फोनवर नेमके काय दिसले असेल, याचाही विचार करा. अनोळखी किंवा अर्धओळखीचा नंबर, ‘तुमच्या खात्यात चुकून पैसे आले आहेत, लगेच परत पाठवा’ असा मजकूर, आणि खाली क्यूआर कोड. तुम्ही क्यूआर पाठवला होता, असे पत्रातच लिहिले आहे. गेली काही वर्षे बँका, पोलीस आणि घरातली शहाणी मुले सगळ्यांना एकच गोष्ट बजावत आहेत की असा मेसेज आला की तो फसवणुकीचा समजा, उत्तर देऊ नका, नंबर ब्लॉक करा. बाईंनी तंतोतंत तेच केले. त्या लबाड असत्या तरी त्यांनी हेच केले असते, हे मान्य. म्हणजे निव्वळ ब्लॉक करण्यावरून त्यांच्या मनात काय आहे ते ओळखता येत नाही. आतापर्यंत तुम्ही पैसे मागितले आहेत. पैसे दोनदा गेले हे त्यांना दिसेल असे दाखवलेले नाही. ते दाखवणे हे तुमचे पहिले काम आहे आणि वसुलीचा विचार त्यानंतरचा आहे.

त्याही आधी पहिला रिफंड खरोखर पोहोचला आहे का, याची खात्री करून घ्या. डॅशबोर्डवर रिफंडची स्थिती काय दिसते ते पाहा. कार्डाचे खाते बंद झाले असेल किंवा बँकेने रक्कम नाकारली असेल तर रिफंड अयशस्वी होऊन तुमच्याकडेच परत येतो, आणि मग सगळा प्रश्नच मिटतो. रिफंड पूर्ण झाला असेल तर कार्डाच्या बाबतीत एआरएन नावाचा एक लांबलचक क्रमांक मिळतो. तो दिसत नसेल तर गेटवेच्या ग्राहक सेवेकडून लेखी मागून घ्या. तो क्रमांक घेऊन कार्डधारक स्वतःच्या बँकेत गेला की बँक ती रक्कम शोधून काढू शकते. यूपीआयच्या व्यवहाराला बारा अंकी क्रमांक असतो, तो यजमानांच्या अ‍ॅपमध्ये आणि बँकेच्या उताऱ्यात मिळेल. सेटलमेंटचा, म्हणजे गेटवेने तुमच्या खात्यात जमा केलेल्या रकमांचा अहवालही उतरवून ठेवा. गेटवे रिफंडची रक्कम तुमच्या खात्यातून वेगळी काढत नाही, पुढच्या विक्रीच्या जमा रकमेतून परस्पर वळती करतो. त्यामुळेच ती महिनाभर कोणाच्या लक्षात आली नाही, आणि उद्या पुरावा द्यायची वेळ आली तर बँकेच्या उताऱ्यात ती स्वतंत्रपणे दिसणार नाही. त्या दिवशीचा सेटलमेंटचा अहवालच उपयोगी पडेल. सगळे मेसेज ज्या फोनवर आहेत तो फोन बदलू नका आणि त्यातले काही पुसू नका. स्क्रीनशॉट जरूर काढा, मात्र इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने एक प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते.

आता पत्र लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कारण तिथला दरवाजा बंद आहे, आणि यजमानांच्या किंवा पुतण्याच्या दुसऱ्या नंबरवरून तर मुळीच नको. ब्लॉक केल्यावर नव्या नंबरवरून येणारा मेसेज धमकीसारखा वाटतो. ऑर्डरची पावती ज्या ईमेल पत्त्यावरून गेली होती त्याच पत्त्यावरून लिहा, त्याच पावतीच्या उत्तरात लिहा, म्हणजे हे पत्र खरोखर दुकानाकडूनच आले आहे हे त्यांना एका नजरेत कळेल. मजकूर साधारण असा असावा :

‘नमस्कार ताई. आपण अमुक तारखेला आमच्याकडून पैठणी घेतली होती आणि ती परत पाठवली होती, त्या ऑर्डरसंबंधी हे पत्र आहे. आमच्याकडून झालेल्या चुकीमुळे तिचे १२,४०० रुपये दोन वेगवेगळ्या मार्गांनी परत गेले आहेत. एक रक्कम ज्या कार्डाने पैसे भरले होते त्या कार्डावर (शेवटचे चार अंक अमुक) अमुक तारखेला जमा झाली. तिचा एआरएन अमुक आहे. दुसरी रक्कम अमुक तारखेला आपल्या यूपीआयवर आली. तिचा व्यवहार क्रमांक अमुक आहे. कार्ड घरातील दुसऱ्या कोणाचे असल्यास पहिली रक्कम त्यांच्या स्टेटमेंटमध्ये आमच्या फर्मच्या अमुक नावाने दिसेल. आमच्या सांगण्यावर विसंबून न राहता आपण स्वतः, किंवा आपल्या बँकेत विचारून, याची खात्री करावी. आम्ही आपल्याला कार्ड क्रमांक, पिन किंवा ओटीपी कधीही विचारणार नाही आणि कोणतीही लिंक पाठवणार नाही. खात्री पटल्यावर एक रक्कम आमच्या वेबसाइटवर दिलेल्या दुकानाच्या बँक खात्यात परत करावी, ही विनंती. एकरकमी अडचणीचे असल्यास दोन-तीन हप्त्यांत दिली तरी चालेल. आमच्या चुकीमुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.’

यात ‘तुम्ही ठेवून घेतले’ असे कुठेही म्हटलेले नाही, हे मुद्दाम आहे. माणसाला एकदा चोर म्हटले की पैसे परत करणे म्हणजे चोरी कबूल करणे होऊन बसते, आणि मग पैसे असूनही तो परत करत नाही. हप्त्यांची सवलत मी विचार करून घातली आहे. दुसरी रक्कम हातात आल्यावर ती बाजूला काढून ठेवणारी माणसे थोडी असतात. ती बहुधा किराण्यात, फीमध्ये, कोणाच्या औषधात जिरून जाते, आणि महिन्यानंतर मागितलेले बारा हजार हे त्या घरासाठी नवे बारा हजार असतात. पुढच्या खरेदीत रक्कम वळती करण्याचा पर्यायही तुम्ही देऊ शकता, पण ‘परत एक साडी घ्या’ हा आग्रह वसुलीच्या पत्रात शोभत नाही. त्यांनी विचारले तर जरूर द्या.

ईमेलला उत्तर आले नाही तर दहा-पंधरा दिवसांनी हाच मजकूर छापून, दोन्ही व्यवहारांच्या नोंदी जोडून, पार्सलच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा घ्या. कागदाचे पत्र आजकाल कोणी पाठवत नाही, म्हणूनच ते घरात चार जण वाचतात, आणि कार्ड मुलाचे असेल तर त्याच्याही हातात पडते. पत्ता तुमच्याकडे आहे म्हणून ठाण्याच्या नातेवाइकाला त्यांच्या दारात उभे करू नका. ग्राहकाने पत्ता साडी पोहोचवण्यासाठी दिला होता, त्याला दारात गाठण्यासाठी नाही.

तुमच्या घरातल्या सल्ल्यांकडे येते. भावाचा सल्ला सर्वांत वाईट आहे. नाव आणि फोटो टाकल्यावर पैसे येण्याची शक्यता वाढत नाही, मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार तुमच्यावर होण्याची शक्यता नक्की वाढते. ‘आम्ही खरेच बोललो’ हा बचाव तिथे एवढ्यावरच पुरत नाही. ते सांगण्यात सार्वजनिक हित होते हेही दाखवावे लागते, आणि बारा हजारांच्या खाजगी हिशोबात ते दाखवणे अवघड आहे. त्यातून पहिला रिफंड मुलाच्या कार्डावर गेला असल्याचे नंतर निघाले, तर तुम्ही निरपराध बाईची बेअब्रू केलेली असेल. इतर ग्राहकही ती पोस्ट वाचतील, आणि ज्या दुकानात वाद झाला की आपला फोटो चव्हाट्यावर येतो तिथून साडी घ्यायला कोण धजावेल?

यजमानांची सूचना अधिक मोहक आहे आणि अधिक धोक्याची. १९३० ही सायबर फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत झपाट्याने जाते आणि समोरच्या खात्यातील रक्कम रोखली जाऊ शकते. लुटल्या गेलेल्या माणसाला तातडीने मदत मिळावी म्हणून तिची रचना तशी आहे. पण तुमची फसवणूक झालेली नाही. यजमानांनी स्वतःच्या फोनवर, स्वतःचा पिन टाकून, ज्यांना पाठवायचे त्यांनाच पैसे पाठवले. हे लपवून ‘फसवले’ असे नोंदवणे म्हणजे सरकारी यंत्रणेला खोटी माहिती देणे आहे, आणि त्यासाठी न्याय संहितेत कलम २१७ आहे. कोणाचे पगाराचे खाते अशा तक्रारीने अडकले तर घरभाड्यापासून मुलांच्या फीपर्यंत सगळे थांबते. तुमच्या यजमानांचा तसा हेतू नसेल, पण खाते गोठवण्याचा परिणाम हेतू पाहून कमीजास्त होत नाही.

यावर कोणी म्हणेल, चुकून आलेले पैसे जाणूनबुजून गिळणे हा गुन्हा नाही का? असू शकतो. दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हे न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये येते. मात्र त्यासाठी ती व्यक्ती जाणूनबुजून तसे करत आहे हे दाखवावे लागते, आणि आज तुमच्याकडे त्याचा काही पुरावा नाही. वरचे पत्र पोहोचल्यानंतरही त्या गप्प राहिल्या तर परिस्थिती थोडी बदलते. तेव्हाही हा अदखलपात्र गुन्हा असल्याने पोलीस ठाण्यात फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतील आणि दिवाणी न्यायालयाची वाट दाखवतील. म्हणून पोलिसांचे नाव पत्रात घालू नका. ‘नाहीतर पोलिसांत जाऊ’ हे वाक्य रागात लिहिले जाते आणि पुढे न्यायाधीशांसमोर शांतपणे वाचले जाते.

बँकेकडून काय अपेक्षा ठेवावी, तेही सांगते. यजमानांनी त्यांच्या बँकेत लेखी अर्ज द्यावा. बँक समोरच्या बँकेला कळवू शकते, ती बँक बाईंना विचारू शकते, पण खातेदाराच्या संमतीशिवाय सहसा रक्कम वळवत नाही, आणि ते योग्यच आहे. उद्या कोणीही ‘चुकून गेले’ म्हणून आपल्या खात्यातून पैसे काढून घेऊ लागला तर चालेल का? तरीही हा अर्ज वाया जात नाही. तुमच्यावर विश्वास नसलेल्या बाईंना त्यांच्याच बँकेचा फोन आला तर त्यांचा संशय फिटेल. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मात्र जाऊ नका, कारण तिथे बँकेच्या सेवेतील त्रुटीची तक्रार होते आणि इथे बँकेने काही चुकवलेले नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही तुमच्यासाठी नाही. तिथे ग्राहक विक्रेत्याविरुद्ध जातो, विक्रेता ग्राहकाविरुद्ध नाही.

एवढे सगळे करूनही महिना-दीड महिन्यात काहीच हालचाल झाली नाही, तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. यासाठी खिशातून मोठी फी भरण्याआधी तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते आणि त्यासाठी त्यांच्या उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट छोटा व्यवसाय करणाऱ्या किती तरी बायकांना ठाऊकच नसते. व्यवसाय तुमच्या नावावर आहे की सासऱ्यांच्या, हे तिथे विचारले जाईल, तेव्हा कागद सोबत न्या. त्याच कार्यालयातून दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला कोर्ट फी लागत नाही, समोरच्या व्यक्तीला प्राधिकरणाची नोटीस जाते, आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते व तिच्यावर अपील चालत नाही. मर्यादा एवढीच की येणे न येणे समोरच्याच्या इच्छेवर आहे. माझ्या मते तुमच्या रकमेसाठी हे शेवटचे शहाणपणाचे स्थानक आहे.

दिवाणी दावा करता येतो, मुदतही पुरेशी आहे. १९६३ च्या मुदत कायद्याने अशा दाव्याला साधारण तीन वर्षे मिळतात आणि चुकीच्या प्रकरणात ती चूक लक्षात आल्यापासून मोजण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे. पण बारा हजारांसाठी तारखांना जाणे, माग बंद ठेवून यजमानांनी साक्षीला उभे राहणे आणि शेवटी हुकूमनामा हातात आल्यावर त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करणे, हे मला तरी परवडणारे वाटत नाही. रक्कम लाखाच्या घरात असती तर मी वेगळे लिहिले असते. कुठे थांबायचे हे आजच, डोके शांत असताना ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. नोटिशीनंतर किंवा लोकअदालतीनंतर, जे ठरेल ते. नाही तर प्रत्येक पायरीवर ‘इतके केले, आता आणखी एकच’ असे होत राहते आणि पैशापेक्षा जास्त वेळ त्या बाईंच्या विचारात जातो.

याच प्रकारचे प्रश्न इतर विक्रेत्यांनीही कळवले आहेत, त्यांच्यासाठी थोडे. ग्राहकाने कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागितली आणि त्याच सुमारास तुम्हीही रिफंड टाकला, तर दुहेरी परतावा होतो. पण इथे वसुली ग्राहकाकडून करायची नसते. गेटवेकडून त्या तक्रारीची सूचना येते, उत्तराची मुदत दिलेली असते, आणि त्या मुदतीत रिफंडचा एआरएन जोडून उत्तर दिले तर बँकेच्या पातळीवरच प्रकरण मिटू शकते. ती सूचना ‘जाहिरात असेल’ म्हणून न उघडणारे विक्रेते मात्र दोन्हीकडून पैसे गमावतात. मोठ्या विक्रीमंचावरून विकणाऱ्यांनी ग्राहकाला परस्पर गाठू नये. मंचाच्या विक्रेता विभागातच दावा नोंदवावा, नाही तर त्यांचेच खाते बंद होण्याची वेळ येते. आणि हे वाचणाऱ्या ग्राहकांना दुकानाने असे काही कळवले असेल, तर मेसेजमधल्या लिंकवर किंवा क्यूआरवर पैसे पाठवू नका, आधी कार्डाचे स्टेटमेंट आणि बँकेचा उतारा दोन्ही पाहा, मग दुकानाच्या अधिकृत खात्यावरच परत करा आणि पावती मागा. मात्र आलेली रक्कम पुढे खर्चू नका. ती आपली नाही हे कळल्यानंतरचा खर्च वेगळ्या नजरेने पाहिला जातो.

हिशोबाच्या वहीत दुसऱ्या रकमेची नोंद विक्री परत म्हणून करू नका. साडी एकदाच परत आली, तेव्हा क्रेडिट नोटही (परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून कमी केल्याचा कागद) एकच निघेल; जीएसटी भरत असाल तर दुसरी क्रेडिट नोट काढणे सरळ चूक ठरेल. यजमानांनी पाठवलेले १२,४०० रुपये बाईंच्या नावे येणे म्हणून दाखवा. ते न आल्यास वर्षअखेरीस त्यांचे काय करायचे हे सीएंना विचारा, आणि तोवर झालेला पत्रव्यवहार त्यांच्याकडे देण्यासाठी एका फाइलमध्ये ठेवा. यजमानांच्या खाजगी खात्यातून रक्कम गेली असेल तर तेवढे फर्मकडून त्यांना देणे आहे, हेही लिहून ठेवावे लागेल.

पुढच्या वेळेसाठी घरात एवढेच ठरवा की रिफंड फक्त गेटवेमधूनच जाईल आणि तो एकच माणूस टाकेल. ‘पैसे आले नाहीत’ या मेसेजला पैशांनी उत्तर द्यायचे नाही, एआरएन पाठवायचा आणि कार्डावर रक्कम दिसायला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात हे सांगायचे. यजमानांनी त्या संध्याकाळी केलेली गोष्ट खरे तर चांगुलपणाची होती. ग्राहकाला ताटकळत ठेवू नये असे वाटणारा माणूस दुकानात असावाच, फक्त त्याच्या हातात रिफंडचे बटण नसावे.

आणि पैसे आले, मग ते एकदम येवोत की तीन हप्त्यांत, तर त्याच दिवशी ‘रक्कम मिळाली, या ऑर्डरबाबत आता आमचे काही येणे नाही’ अशी लेखी पावती पाठवा. त्या पावतीसोबत नव्या साड्यांचे फोटो मात्र जोडू नका.